पानाचा जोडीदार

दगडात अडकलेलं लाखो वर्षांपूर्वीचं पान सुईने अलगद मोकळं करायचं, हे मावशींचं काम. संग्रहालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि नेमकं आताच हे बालंट आलं.

थंड हवेतल्या झाडांच्या पानांच्या कडेला बहुधा दाते असतात, उष्ण हवेत गुळगुळीत कडेची पानं जास्त. मावशींनी मोकळ्या केलेल्या पानांवरूनच साहेबांनी लिहिलं होतं, की इथे एकेकाळी उष्ण जंगल होतं. एका पाहुण्या तज्ज्ञाला त्यातल्या मुख्य पानाच्या कडेलगत ओरखडे दिसले. "दाते सुईनेच खरवडले गेले असतील तर?" एवढं बोलून, चहा पिऊन पाहुणे गेले. बोलायला काय जातं!

साहेबांनी लेखी खुलासा मागितला.

दगड फुटला की एका तुकड्यावर पान राहतं, दुसऱ्यावर त्याचा ठसा. त्या ठशाला मावशी जोडीदार म्हणत. त्याला सुई कधी लागलीच नव्हती, पण तो सापडेल तर ना! दोन दिवस त्यांनी कपाटं पालथी घातली. नवरा म्हणाला, "तुझा हात मला माहीत आहे गं." मावशींना मात्र स्वतःच्याच हाताची शंका येऊ लागली. सुई उचलली की त्या ती पुन्हा खाली ठेवत.

शेवटी त्या खुलासा घेऊन गेल्या. साहेबांनी तो न वाचताच टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून वर नेहमीचा दगड ठेवला. दगडाच्या कडेला पांढऱ्या रंगात त्याच पानाच्या नोंदीचा आकडा होता, मावशींच्याच हातचा.

"साहेब, तो दगड उलटा करा."

"का?"

"करा म्हणते ना!"

खालच्या अंगाला पानाचा ठसा होता. देठापासून टोकापर्यंत कड गुळगुळीत, दाता औषधालाही नाही.

"अकरा वर्षांपूर्वी मीच मागून नेला होता," साहेब पुटपुटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही साहेबांच्या काखेत!

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या मटकन खुर्चीत बसल्या, रडल्या आणि हसल्याही.

"चुकलं माझं, मावशी. हा खुलासा फाडून टाका."

"फाडू कशाला? मागे लिहून द्या, पान होतं तसंच आहे म्हणून. घरी दाखवायचंय."

साहेबांनी लिहून दिलं. मावशींनी जोडीदार नेऊन पानाशेजारी ठेवला आणि राहिलेला एक दगड पुढे ओढला. अजून दोन दिवस हातात होते. त्यांनी सुई उचलली. या वेळी ती पुन्हा खाली ठेवली नाही.