सात थेंबांचा गारवा

दादाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दर रविवारी अकराच्या ठोक्याला दादा ‘नीलामृता’चा प्रयोग करून दाखवायचा. एरवी रुपयाची वस्तू चार दुकाने फिरून घेणारी शहाणीसुरती माणसे तेव्हा टाचा उंचावून काचेच्या पेटीतल्या कॉम्प्युटरकडे पाहत उभी राहायची. पेटीत पारदर्शक नळ्यांतून पाणी फिरत होते. यंत्राला एक भारी काम दिलेले होते आणि पडद्यावर प्रोसेसरचे तापमान चढत चालले होते. ऐंशी. सत्याऐंशी. ब्याण्णव.

“बघा, तापला!” दादाने दोन्ही हात वर केले. “साधं पाणी हरलं! मंडळी, पाण्याला आठवण असते. नळाच्या पाण्याला कसली आठवण? नळाची! माझ्या नीलामृताला आठवण आहे हिमनदीची!”

कुणी हसले नाही. उलट बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ मान डोलावू लागले. पाण्याला एवढी आठवण असेल तर ते गटारातूनही कधीतरी गेलेच असेल, त्याचे काय, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही.

दादाने तापमान मोजायला म्हणून ‘परीक्षक’ नावाचा पेनड्राइव्ह लावला. कुपीतले सात निळे थेंब मोजून टाकीत सोडले. डोळे मिटून एक बटण दाबले. आकडा धाडकन खाली आला. सत्तर, पंचावन्न, एक्केचाळीस! टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग भिंतीवरच्या टीव्हीवर दादाची चुलतबहीण दिसायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. “मी स्वतः वापरते. डोळे झाकून घ्या,” असे ती हसत सांगायची आणि नळ्या, कुपी आणि ‘परीक्षक’ अशा संचासाठी काउंटरवर रांग लागायची.

धाकटी घरी बसून अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रे बनवायची. दार उघडले की जिना, जिन्यावर खिडकीतले ऊन, उन्हात चढणारी माणसे. या टीव्हीवर येण्याआधी वास्तुरचनाकारांच्या एका मोठ्या कचेरीने तिला एका वाचनालयाची फिल्म करायला दिली होती. ती वेळेत झाली तर वर्षभराचे काम मिळणार होते, आणि तिचा कॉम्प्युटर तर तापून दर तासाला बंद पडत होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तिने पाण्याने थंड करायची सोय बसवायचे ठरवले. बारा प्रश्नांची यादी केली. बंद, तयार जोडणी घ्यावी की सुट्या नळ्यांची? पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर केवढा लागेल, पेटीत मावेल का? गळले तर काय?

दादाने यादी पाहिली, घडी केली आणि स्वतःच्या खिशात टाकली. “घरचा माणूस असताना याद्या कसल्या करतेस गं?”

कॉम्प्युटरचा पहिला स्क्रू फिरवायला तिला दादानेच शिकवले होते. तिने यादी परत मागितली नाही.

नीलामृत बसले, दादाने ‘परीक्षक’ही लावून दिला आणि घरच्या पडद्यावरही एक्केचाळीस आले. यंत्र बंद पडायचे थांबले. या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते: कोपऱ्यातला तापमानाचा आकडा खाली दिसला की सगळे आलबेल समजायचे. धाकटी आनंदाने नाचली आणि दादा म्हणाला तसे कॅमेऱ्यासमोर बोललीही.

फिल्म द्यायचा दिवस उजाडला तेव्हा निम्मीच तयार होती. पूर्वी चार मिनिटांत होणाऱ्या चित्राला अकरा मिनिटे लागत होती. वाचनालय जड असेल, आपलेच काही चुकले असेल, असे ती स्वतःला समजावत राहिली. कचेरीने काम काढून दुसऱ्याला दिले.

ती डोके धरून बसली होती. आई जन्मभर रुग्णालयात परिचारिका होती. तिने चहा ठेवला आणि विचारले, “झालं काय?”

“काही कळत नाही गं. मशीन तर मस्त गार आहे.”

“गार आहे म्हणजे बरं आहे असं कुणी सांगितलं? आमच्याकडे नुसता ताप बघून चालायचं नाही. नाडी बघावी लागायची. हे काम तरी करतंय का?”

धाकटीने प्रोसेसरचा वेग पाहिला. तो तिपटीने कमी होता. जुन्या नोंदी पाहिल्या, तर कालच नव्हे, नीलामृत बसल्यापासून रोज. तिने ‘परीक्षक’ काढून टाकला. वेग पूर्ववत झाला आणि दहा मिनिटांत आकडा ब्याण्णववर गेला. मग तिने पेटी उघडून रेडिएटर पाहिला. तो इतका पातळ होता की तिच्या यादीतल्या रेडिएटरच्या प्रश्नातच नापास झाला असता. दादाला ते ठाऊक नसणे शक्यच नव्हते.

पुढच्या रविवारी ती दुकानात गेली. “ही बघा, आमची धाकटी!” दादा खूश झाला.

“आज प्रयोग मी करते,” ती म्हणाली. गर्दीने टाळ्या वाजवल्या, त्यामुळे दादाला नाही म्हणता येईना.

आकडा ब्याण्णववर पोचला. तिने पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबले. एक्केचाळीस.

“अहो बाई, थेंब टाकायचे राहिले!” बँकवाले गृहस्थ ओरडले.

“राहिले नाहीत, मी टाकलेच नाहीत.” तिने बंद कुपी सगळ्यांना दाखवली. “आता हा दुसरा आकडा बघा. हातातलं काम संपायला नऊ मिनिटं होती, आता पंचवीस झालीत. पेनड्राइव्हमधला हा प्रोग्राम मशीनचा वेग दाबून टाकतो. खाटेवर पडून राहणाऱ्याला घाम येतो का? हलका रेडिएटर भारी म्हणून खपवायचा, तर मशीनलाच झोपवायला हवं. थेंबांत काय आहे ते दादालाच विचारा.”

“रंग आहे,” दादा पुटपुटला. “खाण्याचा. अपाय नाही त्याने.” मग तिच्या जवळ येऊन तो म्हणाला, “घरातली गोष्ट घरात बोलायची होतीस ना!”

“मी घरातलीच होते ना, दादा? मग मला कशाला फसवलंस?”

दादाने मान खाली घातली. “तू प्रत्येक गोष्ट तपासून घेणारी. तू म्हणालीस तरच लोकांना पटलं असतं.”

काम गेले तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र तिचे डोळे भरून आले. तिच्या चोखपणाची कीर्तीच त्याने थेंबांबरोबर विकली होती.

गृहस्थ पुढे झाले. त्यांचा आवाज चढलेला होता. “यांचं खोटं कळलं. पण आम्ही घेतलं ते तुमचं ऐकून. त्याचं काय?”

धाकटीला पळून जावेसे वाटले, पण ती जागची हलली नाही.

“तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले नाही, पण न मोजता बोलले. माणूस आपला आहे म्हणून विचारायचं टाळलं. तुम्ही तसं करू नका. घरी जा, हा प्रोग्राम ठेवून आणि काढून एकच काम दोनदा करा, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. मी आत्ता सांगितलं तेही तपासल्याशिवाय मानू नका.”