तेहतीस माणसांचे चौतीस हात

“बाई, माणसं मोजताय की पंख्याची पाती?” सचिवसाहेबांनी कुजबुजत विचारलं, तेव्हा कुठे तिची नजर छतावरून खाली आली. हजेरीपत्रकावरून तिने पुन्हा पेन्सिल फिरवली. तेहतीस. सकाळपासून चारदा मोजून झालं होतं, तरी हाताला चैन नव्हती.

नगरसभेत लिपिक म्हणून तिला एकवीस वर्षं झाली होती. इतिवृत्त लिहायचं आणि मतं मोजायची, एवढं काम. मतांचं यंत्र मागे एकदा बसवलं होतं, ते तीन महिन्यांत रुसलं ते रुसलंच. तेव्हापासून सभासद हात वर करत आणि ती रांगांमधून चालत, वर झालेल्या प्रत्येक हातापाशी पेन्सिलीने बाक ठोकत जाई. टक, टक, टक. ती सांगेल तो आकडा शेवटचा. आजवर कुणी ‘पुन्हा मोजा’ म्हटलं नव्हतं.

आजचा ठराव पदपथांचा होता. पदपथावर बसून कुठलाही धंदा करायला बंदी, येत्या सोमवारपासून. आणि टपाल कचेरीच्या भिंतीला पाठ लावून, लाकडी पेटीवर किल्ल्या घासत बसणारा माणूस तिचा नवरा होता.

सकाळी निघताना तो एवढंच म्हणाला होता, “जे होईल ते नीट ऐकून ये. लोक काय, राईचा पर्वत करतात.”

दोन तास सभागृह तापत होतं.

“हे शहर आहे की बाजार?” पुढच्या रांगेतले कंत्राटदार गरजले. “माणसानं चालायचं कुठून?”

“आणि चप्पल तुटली की तुम्ही शिवायला कुठे जाता हो? परदेशी?” मागून शाळामास्तरीणबाईंनी हाणलं. हशा पिकला.

ती सगळं उतरवून घेत होती. कंत्राटदारांचंही, मास्तरीणबाईंचंही, जसंच्या तसं. मधेच तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि तिथेच अडली. त्याच्याकडे मागायचं तरी काय? ठराव पडू दे म्हणायचं? रोज पहाटे ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याच्याकडे आज वशिला लावायचा? तिने नुसतं नावच घेतलं, पुढचं काही बोलली नाही. चहा आला, निवला, तसाच परत गेला.

“मतदान!” अध्यक्षांनी घंटी वाजवली. “बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा.”

ती उठली. पेन्सिल चालली. सतरा.

“विरोधात?”

पुन्हा तीच फेरी. चौदा, पंधरा, सोळा. शेवटच्या रांगेत आजोबांचा हात वर होता. सगळं सभागृह त्यांना आजोबाच म्हणे. कान पार गेलेले. एरवी शेजारच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या कानाशी ओरडून ठराव समजावत आणि मत द्यायच्या वेळी कोपराने ढोसत. आज त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तिने बाकावर टक केलं आणि ती थबकली. हाच सुरकुतलेला हात, हेच मनगटावर सैल झालेलं घड्याळ, मघाशीही वर होतं.

सतरा.

“सतरा-सतरा,” अध्यक्ष म्हणाले. “समसमान. म्हणजे नियमाप्रमाणे ठराव—”

हजर तेहतीस आणि हात चौतीस. ही बेरीज तिच्याशिवाय कुणी केलीच नव्हती. समसमान म्हणजे ठराव बारगळला. म्हणजे सोमवारी नवरा पेटी उघडून बसणार. तिने गप्प बसायचं, बस्स. खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं.

“साहेब, एक हात दोनदा मोजला गेलाय,” ती सचिवांच्या कानाशी म्हणाली.

त्यांना तिच्या नवऱ्याची जागा ठाऊक होती. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. “पडतोय तर पडू दे ना बाई. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?”

ती क्षणभर बसली. मग उभी राहिली.

“अध्यक्षमहाराज, आकडा चुकलाय. आजोबांचा हात दोन्ही वेळा वर होता.”

सभागृहात गलका उडाला. कुणीतरी आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं, “पदपथ मोकळे करायचे, आजोबा! हो की नाही?”

“अरे, मग आधी सांगायचं की! मी आपला सगळे करतील तसं केलं,” आजोबा काठीवर जोर देत उठले. “मागच्या आठवड्यात एका पेटीला काठी अडकली. पडलोच असतो. पेटीवाल्यानंच धरलं, पार पलीकडे नेऊन सोडलं. भला माणूस. पण दरवेळी कोण धरणार, बाबा?” ते थांबले. “मोकळे करा.”

सतरा विरुद्ध सोळा. तिने शाईने लिहिलं.

सभा सुटली तशी ती थेट टपाल कचेरीकडे निघाली. सावकाश चालावं असं मनात होतं, पाय ऐकेनात. नवरा पकडीत किल्ली धरून कानस मारत होता. तिला बघून थांबला.

“झाला?”

“झाला. एका मतानं.”

“कुणाच्या?”

“एका म्हाताऱ्यांच्या. त्यांनी चुकून दोन्हीकडे हात वर केला होता. बरोबरीच झाली होती.”

“मग?”

“मी सांगितलं.”

त्याने किल्लीवरचा कीस फुंकला. “बाकी कुणी बघितलं नव्हतं?”

“नाही.”

“हं,” तो म्हणाला. पुढे काही बोलणार होता, तेवढ्यात पिशवी सावरत एक बाई आल्या आणि त्यांनी पेटीवर एक किल्ली ठेवली.

“हिच्यासारख्या दोन करा हो. घाई नाही, मी काय, सोमवारी येईन न्यायला.”

त्याने किल्ली उचलली, उन्हाकडे धरून तिचे दाते पाहिले.

“सोमवारी नको, ताई. आत्ताच देतो,” तो म्हणाला. मग स्वतःचं स्टूल पुसून त्याने त्या बाईंपुढे सरकवलं आणि उभ्यानेच कानस चालवू लागला.