बोडीतल्या बोटुकल्या

सौंदडपासून कोसभरावरच्या गावातला भूपेंद्र तीन वर्षं एकच विचार करत होता. शेताच्या वरच्या अंगाला आजोबांनी बांधलेली बोडी होती, छोटंसं तळं. तिच्यात मासे पाळावेत, शिंगाडा लावावा, की सगळं सोडून नागपूरला नोकरी धरावी? तो मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, वहीत टिपणं काढायचा. भिंतीवरचं वेळापत्रक चारदा बदललं. बोडीत मात्र बेडकांचंच राज्य.

ऑगस्टातल्या एका दुपारी तो अर्जुनी मोरगावहून एसटीनं परतला आणि बोडीच्या पाळीवर चढताच जागीच थिजला. त्याची आई, साठीला टेकलेली कुंदाबाई, लुगडं खोचून छातीभर पाण्यात उभी होती. मत्स्यबीज विकणारा कैलाश काठावरून तिच्या हातात पाण्यानं फुगलेल्या पिशव्या देत होता.

"माय! का करून राहिली?"

"दिसत नाही का? बोटुकल्या सोडून राहिली." तिनं पिशवी उलटी केली. बोटाएवढी पिल्लं सळसळत पाण्यात गेली.

"पण पाण्याची तपासणी? जात कोणती? मले इचारलं काऊन नाही?"

"तुले इचारलं असतं तं अजून तीन साल गेले असते."

भूपेंद्रला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो नुसता बघत राहिला, आणि बघता बघता त्याची नजर सांडव्यावर गेली. दोन दिवसांच्या पावसानं बोडी तुडुंब होती. जादा पाणी सांडव्यावरून खालच्या धानात पडत होतं. त्या पाण्यात काहीतरी चमकलं. मग आणखी चार.

"जाळी! सांडव्याले जाळी कुठी हाय?"

"जाळी लावा लागते?" कुंदाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. कैलाशनं हातातली पिशवी खाली ठेवली.

सांडव्याला आधी जाळी, हे त्याच्या वहीच्या पहिल्याच पानावर होतं. बांबूची बरी की लोखंडी, यावर त्यानं पुढची सहा पानं भरली होती. आता त्यातलं काहीच आठवलं नाही. तो सांडव्यात उतरलेला होता, अंगातला शर्ट पाण्याला आडवा धरून.

"कैलाश, घरून मच्छरदाणी आण! अन् बांबू!"

तास-दीड तास तिघं चिखलात झटले. मच्छरदाणी ताणून बांधली, बुडाशी दगड रचले. भूपेंद्रचा अंगठा फाटला होता, ते त्याला नंतर कळलं. तो पाळीवर बसून आपले हात उलटसुलट करून बघत राहिला. हे आपणच केलं, यावर त्याचा विश्वास बसेना.

किती पिल्लं वाहून गेली, कोणाला सांगता आलं नाही. अर्धी तरी गेली असावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सायकल बाहेर काढली.

"कुठी चालला?" अंगण झाडता झाडता कुंदाबाईनं विचारलं.

"कैलाशकडं. गेल्या तेवढ्या बोटुकल्या आणतो."

"आजच?"

"आत्ताच."

खराटा हातात तसाच धरून कुंदाबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. सायकल वळणापार गेली, तरी अंगण अर्धंच झाडलेलं होतं.