उर्शाच्या सत्तावीस लाँड्रीवाल्या

खंडाळ्याच्या ज्या हॉटेलात मी पावण्यांसमोर चुलीवर भाकरी थापते, तितं कामगारांच्या जेवायच्या खोलीत एक कागद चिकटला. वर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. खालचं माझ्या सुनेनं, अमृतानं, वाचून दाखवलं. "मन मोकळं करा. नाव विचारणार नाही. कायद्याप्रमाणे तुमची ओळख गुप्त राहील."

मी दुसरीतच शाळा सोडली. पर मालकानं आपणहून मन मोकळं करा म्हणलं की पदर सावरून बसावं, एवढं मला कळतं.

आमी दोघी उर्से गावच्या. अमृता हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. तिचा कायद्यावर लय भरवसा. तिनं फोन त्या चौकोनावर धरला. फोननं खरंच नाव न्हाई विचारलं. विचारलं काय, तर खातं कुटलं, गाव कुटलं, वय किती, नोकरी किती वर्षं, बाई का बाप्या.

"अगं, गाव कशाला सांगतीस?"

"आत्याबाई, नाव थोडंच विचारलंय!"

आता आमच्यात नावानं हाक मारतंय कोण? सकाळी कामगारांची जीप गावोगाव फिरती, तवा ड्रायव्हर वरडतो, "उर्शाची लाँड्रीवाली आली का? कामशेतची झाडूवाली कुटं?" नसीम धा वर्षं भांड्यावर हाय, तिला सगळी कार्ल्याचीच म्हणत्यात. गाव आन खातं सांगितलं की जलमाचा दाखलाच हातात दिला. पर बारावी झालेल्या सुनेला कोण सांगणार!

खालच्या मोकळ्या चौकटीत तिनं लिवलं, 'बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला चार महिने कडी नाही. एक जण दाराला पाठ लावून उभी राहते, मग दुसरी बदलते.' खरं ते खरं. मीबी लय दिवस पाठ लावलीया.

आठ दिवसांनी मॅनेजर ओंकार सायेबांनी आमाला हॉलात बसवलं आन उत्तरं मोठ्या पडद्यावर लावली. "बघा, कुणाचंही नाव नाही. आपण कायदा पाळतो." मंग वाचलं, "लाँड्री. उर्से. स्त्री. वय एकतीस. नोकरी दोन वर्षं. म्हणे, कडी नाही!"

सत्तर मुंड्या एकदम अमृताकडं वळल्या.

सायेब पडद्याकडं बघत म्हणले, "हे कुणी लिहिलं ते मला माहीत नाही, माहीत करूनही घ्यायचं नाही. फक्त उर्शाच्या लाँड्रीवाल्या बाईनं नंतर मला भेटावं."

केबिनीतनं अमृता डोळं पुशीत आली. ही म्हणे नुसती चाचणी व्हती. खरा सर्व्हे शुक्रवारी, त्याची उत्तरं थेट मुंबईच्या हापिसात जाणार. त्यात पुन्यांदा कडी दिसली, तर महिनाअखेरीला तिचं कंत्राट बंद.

"सगळं छान हाय, असं लिवते," ती म्हणली.

"लिव की. आन जलमभर दाराला पाठ लावून ऱ्हा. माझ्या घरची सून हायेस, दाराचा अडसर न्हाईस."

दुपारी डबे उघडले तवा मी बायकांत जाऊन बसले. "शुक्रवारी समद्यांनी आपापल्या फोनवरनं उर्शाचं व्हायचं. लाँड्रीतलं. एकतीस वर्षांचं. आन कडी मागायची."

नसीम हसली. "मावशी, माझी छप्पन्न झाली. फोन मानेल का?"

"फोन कुटं तोंड बघतोय?"

रिसेप्शनवरची सृष्टी जरा शहाणी. "पण मावशी, हे खोटं नाही का?"

"दाराला कडी हाय?"

"नाही."

"मंग खोटं काय लिवलं? वय तर तू तसंबी खोटंच सांगतीस."

गेटवरचा बजरंग ऐकत व्हता. "मावशी, मी भरू?"

"भर. पर बाई म्हणून भर."

"आन मिशी?"

"तिचा रकाना न्हाई त्यात."

सोमवारी सायेब चुलीपाशी घुटमळत व्हते, तवाच मुंबईचा फोन आला. तिकडची मॅडम एवढी मोठ्यानं बोलत व्हती की मला तव्यापाशी ऐकू आलं.

"तुमच्या लाँड्रीत सत्तावीस बायका कशाला? आणि सगळ्या उर्शाच्या, सगळ्या एकतीसच्या?"

"मॅडम, लाँड्रीत तिघीच आहेत. उर्शाची एकच. तिनं काय लिहिलंय ते मला पक्कं माहीत आहे."

"कसं माहीत? आपण तर नावच विचारत नाही ना?"

सायेब माझ्या भाकरीकडं बघायला लागले. मी ती उलटली.

"आणि ती कडी का नाही लावली अजून?"

सांजच्याला सुतार आला. मी आत जाऊन कडी तीनदा लावून बघितली, मंगच त्याला सोडला. अमृताचं कंत्राटबी वाढलं. तिला काढलं असतं तर का काढलं ते मुंबईला कळवावं लागलं असतं, आन सायेबांना तर कुणी लिवलं ते माहीतच न्हाई.

परवा जीपवाल्यानं सवयीनं हाळी दिली, "उर्शाची लाँड्रीवाली आली का?"

जीपच्या आतनं नऊ बायका एकदम "व्हय" म्हणल्या. आन बजरंग.