चार बोटं उंच

मी बोलतेय, दोरीपलीकडची खुर्ची. बसा म्हणाले असते, पण इथं बसायला मनाई आहे. उभं राहून राहून कंटाळा आलाय बाई. खुर्चीनं असं म्हणावं म्हणजे कमालच, पण आलाय खरा.

माझा जन्म एका कारखान्याच्या मागच्या खोलीत झाला. दारावर पाटी मालकाची, म्हणजे साहेबांची, पण मला घडवलं त्यांच्या हाताखालच्या बाईंनी. त्या काळी खुर्ची म्हणजे नक्षीदार अवजड धूड. हलवायची तर दोन माणसं लागत. बाईंनी मला पोकळ नळीची आणि कापडाची केली. एका हातानं उचला!

साहेबांनी नाक मुरडलं. "खुर्चीत माणूस भारदस्त दिसला पाहिजे."

"आधी नीट बसता तर आलं पाहिजे," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या हट्टापायी आराखड्यात माझे पाय उंचच राहिले. बाईंनी मला घरी नेऊन सासूबाईंना बसवलं. त्या बुटक्या, पाय लोंबकळायला लागले. "छान आहे गं, पण मुंग्या येतात पायाला." बाईंनी तिथल्या तिथं करवत घेतली आणि माझे चारही पाय चार-चार बोटं कापले. दुखलं का? छे! सासूबाईंची पावलं जमिनीला टेकली आणि त्या बसल्या बसल्या घोरायला लागल्या. तसं सुख मला पुन्हा कधी लाभलं नाही.

पुढे माझ्याच मापाच्या खुर्च्या शाळांत, दवाखान्यांत, घरोघरी गेल्या. नाव झालं साहेबांचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! बाईंच्या हातची खूण म्हणून माझे कापलेले पाय तेवढे उरले.

मग संग्रहालयानं मला आणलं. तज्ज्ञांनी साहेबांचा आराखडा शेजारी धरला. "नंतरच्या खुर्च्या बुटक्या असतील, पण ही पहिली आहे. कुणा अडाण्यानं पाय कापलेत बघा." आणि जोडले हो! इतक्या सफाईनं, की सांधासुद्धा दिसत नाही.

आत्ताच एक म्हातारी आली. मी चालीवरून ओळखलं. बाई! वयानं आक्रसून सासूबाईंएवढ्या झालेल्या. दोरी उचलून त्या सरळ माझ्यावर बसल्या. पाय लोंबकळले.

"अगं, तुझे पाय कुणी वाढवले?" त्यांनी वाकून माझी नळी चाचपली.

रखवालदार धावत आला. "आजी, उठा, उठा! फार मौल्यवान आहे ती."

"उठते रे बाबा. जरा करवत आणतोस का?"

सगळे हसले. एकीनं "बिचारी" म्हटलं. रखवालदारानं हाताला धरून त्यांना बाहेर नेलं.

हसू नका हो. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. मला शेजारची ती साहेबांच्या नावाची पाटी नको, ही दोरी नको. या उंचीवर मी फार थकलेय. बाई अजून दाराबाहेरच्या पायरीवर टेकल्यात. कुणीतरी त्यांना आत बोलवा, आणि करवत आणा.