तिच्या वजनाची गोणी

"ताईचं वजन किती धरायचं?" गोणीत वाळूचं फावडं ओतता ओतता मेहुण्याने विचारलं.

"तेच. पूर्वीचंच," गाडीखालून फोरमनचा आवाज आला.

मेहुण्याचा हात थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण गाडीखालून नुसते दोन पाय दिसत असले की माणसाशी धड बोलता येत नाही. त्याने गोणी भरली, तोंड सुतळीने बांधलं आणि स्टिअरिंगच्या शेजारच्या सीटवर नेऊन ठेवली.

फोरमनची ही जुनी पद्धत. रिकाम्या गाडीत स्प्रिंगा बसवायच्या नाहीत. बसणाऱ्या माणसांच्या वजनाची वाळू सीटवर ठेवायची आणि मग चारही चाकांवर उंची जुळवायची. त्याची सगळी नोकरी बस डेपोत झाली, तिथे असले लाड कोण करतो? पण ही काही डेपोची बस नव्हती.

ही गाडी गोल टपाची, फुगीर मडगार्डांची, त्याच्या वडिलांच्या वयाची. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा एका बंद कारखान्याच्या आवारातून त्याने तिचा सांगाडा ओढत आणला होता. इंजिन गायब, सीट गायब, डॅशबोर्डात चिमणीचं घरटं. "अंग जुनंच ठेवायचं आणि आत दणकट इंजिन घालायचं," त्याने बायकोला समजावलं. "अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात."

"रॉड? मग आधी आंघोळीचं पाणी तापवून द्या," ती म्हणाली. हसून झाल्यावर मात्र आत शिरून एका उपड्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "चालू झाली की मला समुद्रावर न्या. बसने नाही यायचं मला. बसमध्ये तुम्ही सगळा वेळ इंजिनचाच आवाज ऐकत बसता."

तेव्हाच एक टॅक्सीचं इंजिन चालून आलं होतं. चार सिलिंडरचं, हलकं, सुटे भाग कुठेही मिळावेत असं. मेहुणा डेंटिंग-पेंटिंगवाला, स्वभावाने घाईचा. "दाजी, बसवून टाका. मी रंग मारतो. महिन्याभरात ताई समुद्रावर!" फोरमनने नाक मुरडलं. राजाच्या घोड्याला गाढवाचं काळीज लावायचं नाही म्हणाला. त्याला आठ सिलिंडरचं हवं होतं. ते मिळेपर्यंत वर्षं गेली, आणि मिळालं ते इतकं जड की पुढच्या स्प्रिंगांचे मूळचे पाटे त्याच्या ओझ्याने बसले. मग कडक स्प्रिंगा शोधण्यात आणखी वर्षं. डेपोतली अडून बसलेली बस घटकेत चालू करून देणारा हा माणूस घरच्या गाडीपुढे हनुवटीला हात लावून बसे. बायको चहा आणून ठेवायची आणि विचारायची, "काय ठरलं?" पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. त्याला वाटलं, तिला पटलं.

मग ती आजारी पडली आणि दुखणं हाडांत उतरलं. मणके ठिसूळ झालेत, हादरा बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्यातून घरी येताना प्रत्येक खड्ड्याला तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिला अंथरुणावर टेकवून तो शेडमध्ये गेला, आठ सिलिंडरकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि त्याने मेहुण्याला बोलावून घेतलं.

"हे उतरवू."

"दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना? आत्ता कुठे बसलंय ते!"

"याच्या वजनाला कडक स्प्रिंग लागते. कडक स्प्रिंग तिला सोसायची नाही. हलकं इंजिन टाकू, पाटे काढून वेटोळ्याच्या मऊ स्प्रिंगा घेऊ. टॅक्सीचं कुठे मिळतंय का बघ."

मेहुणा इंजिन शोधायला निघाला. ते आठवड्यात मिळालं, आठवड्यात बसलं. फोरमनला तेच सगळ्यांत जास्त लागलं. एवढं सोपं होतं.

गाडी तयार झाली त्या सकाळी दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून शेडमध्ये आणलं. तिने ठेवणीतली शाल काढली होती.

"हा रंग कुणी निवडला?"

"मी," मेहुणा म्हणाला.

"तरीच."

फोरमनने सीटवरची गोणी काढून कोपऱ्यात ठेवली, सीट झटकली आणि तिला अलगद आत बसवलं. मग वळसा घालून तो स्टिअरिंगवर बसला. गाडी त्याच्या बाजूला कलली.

समोर उभ्या असलेल्या मेहुण्याने मान दुसरीकडे वळवली. फोरमनला ते बघावं लागलं नाही, बसल्याजागी कळलं. तिची बाजू दबलीच नव्हती.

"मी वर आणि तुम्ही खाली," ती म्हणाली. "उलटंच झालं की हो."

तिला उठवणारा, बसवणारा, न्हाऊ घालणारा फोरमनच. पण रोज बघणाऱ्याला झीज दिसत नाही. बेअरिंग झिजलं तर तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, आणि बायको अर्धी झाली हे त्याला स्प्रिंगने सांगितलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

"उतर," तो म्हणाला. "दोन दिवस दे. तुझ्या बाजूची स्प्रिंग बदलतो. असं तिरकं नाही न्यायचं तुला."

"मी नाही उतरणार."

"अगं, नीट करूनच..."

"तुमचं नीट मी आयुष्यभर बघितलं." तिने आवाज चढवला नव्हता. चढवायला तेवढा उरलाही नव्हता. "आता वाकडंच चालेल. चला."

मेहुण्याने कोपऱ्यातली गोणी सोडली, निम्मी वाळू जमिनीवर ओतली आणि उरलेली बांधून तिच्या पायाशी आणून ठेवली. गाडी सरळ झाली. "घे ताई, पाय ठेवायला," तो म्हणाला. तिने चपला काढून गोणीवर पाय ठेवले.

गाडी रस्त्याला लागली. फोरमनने दुसऱ्या गिअरच्या पुढे हात नेला नाही. एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला, मागून एका बसने हॉर्नचा सपाटा लावला आणि शेवटी तीही पुढे गेली. ती काचेतून दुकानांच्या पाट्या वाचत होती. पुलावर आल्यावर तिने विचारलं, "हे कुठलं इंजिन?"

"टॅक्सीचं."

"माझा भाऊ मागे म्हणत होता, तेच?"

"तसलंच."

तिने डोळे मिटून थोडा वेळ आवाज ऐकला. "छान चालतंय की," ती म्हणाली.

तिने शिवी दिली असती तर बरं, असं फोरमनला वाटलं. रस्ता तेव्हाही हाच होता. समुद्रही कुठे गेला नव्हता.

पूल संपताना सांध्यावर चाक किंचित आदळलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"फार लागलं?"

"नाही. स्प्रिंग चांगली आहे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "वळवा आता. समुद्र राहू दे."

"अजून हळू नेतो."

"याहून हळू गेलात तर लोक ढकलायला येतील." ती हसली, पण हसणंही तिला दुखलं.

पुढच्या चौकात त्याने गाडी वळवली.

घरी तिला आत निजवून दोघे शेडमध्ये परत आले. आठ सिलिंडरचं इंजिन भिंतीशी ताडपत्रीखाली पडलं होतं. सकाळी ओतलेल्या वाळूचा ढीग तसाच होता. मेहुण्याने तो खराट्याने गोळा केला आणि आता उरलेली वाळूही ओतून टाकू म्हणून गाडीतल्या गोणीला हात घातला.

"नको," फोरमन म्हणाला.

गोणीवर तिच्या टाचांचे दोन खळगे उमटले होते. अगदी उथळ. आतली वाळू हलू नये इतक्या हळू त्याने गाडीचं दार लावलं.