वस्त्रगाळ काच

यित्स्के हूकेमाला पोहता येत नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या एन्स्खेडेत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नेदरलँड्समध्ये ही काय कबूल करायची गोष्ट आहे? इथली पोरं पोहण्याचा पहिला दाखला सहा-सात वर्षांची असतानाच खिशात घालतात. यित्स्के त्या परीक्षेच्या दिवशी कठड्याला मिठी मारून बसली होती आणि तिला सोडवायला दोन शिक्षक लागले होते. पुढे घरात तो विषय कुणी काढला नाही.

आता ती एकवीस वर्षांची होती, बांधकाम शिकत होती, आणि तिच्यासमोर विद्यार्थ्यांनी स्वतः घडवलेल्या काँक्रीटच्या होड्यांच्या शर्यतीचा अर्ज होता. 'पोहण्याचा दाखला आहे का?' तिनं डोळे मिटून 'हो'वर खूण केली. 'नाही' म्हटलं असतं तर नावेतच घेतलं नसतं, आणि नावेत बसणं तर भाग होतं. काँक्रीटचं मिश्रण ज्याचं, नावेतली पुढची जागा त्याची, असा तिथल्या विद्यार्थ्यांचा रिवाज. म्हणजे नाव फुटली तर दोषी माणूस आधी पाण्यात.

आणि मिश्रण तिचंच होतं. एरवी लागणाऱ्या सिमेंटपैकी तिसरा हिस्सा काढून टाकायचा आणि त्या जागी दळलेली काच घालायची, ही कल्पना तिनं भर बैठकीत मांडली होती. काच होती सफरचंदाच्या गराच्या रिकाम्या बरण्यांची. वसतिगृहात तो गर सगळ्या पदार्थांबरोबर खातात, त्यामुळे बरण्यांना तोटा नव्हता.

फेब्रुवारीत तिनं पहिली काच अर्धा तास दळली. रव्याएवढी झाली. तिचे ठोकळे पाडले, चार आठवडे पाण्यात ठेवले आणि दाबयंत्राखाली घातले. यंत्रानं नुसता हात लावला म्हणायचं, ठोकळा भुगा.

"कॉफीत बुडवून खायला बरी आहे तुझी नाव," वोबे म्हणाला. वोबे मागच्या जागेवरचा वल्हेकरी. अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून. "यित्स्के, मी तुझ्या मागे बसणार आहे. माझ्या आईला मी एकुलता एक आहे."

"गप रे. हार्मेन, तुम्ही तरी सांगा, चुकलं कुठे?"

हार्मेन म्हणजे प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस. तीस वर्षं तिथे होता आणि प्राध्यापकांना उभं राहायला लावून बोलायचा. त्यानं भुगा चिमटीत धरून चोळला.

"भरड आहे, पोरी. सिमेंट भिजलं की चुना सुटतो. तो चुना काचेला लागला की त्याचा गोंद होतो, आणि तो गोंद सगळं धरून ठेवतो. पण लागणार कुठे? बाहेरून. आतली काच बसते तशीच, बिनकामाची. वर मोठे कण वर्ष-दोन वर्षांत फुगतात आणि काँक्रीटला तडे पाडतात."

"म्हणजे काच नको?"

"कोण म्हणालं? हीच काच. फक्त बारीक कर. एका कणाचे हजार केलेस की किती अंग उघडं पडेल बघ."

यित्स्केनं पोलादी गोळ्यांचं ते फिरतं पिंप चार तास चालवलं. गडगडाट असा की वरच्या मजल्यावरून तिघं भांडायला आले. झाकण उघडलं तेव्हा आतली पूड वस्त्रगाळ झाली होती; फुंकर मारली की उठायची. वोबे शिंकला तो पांढरा होऊनच.

एप्रिलमध्ये दुसरे ठोकळे यंत्राखाली गेले. काटा भुग्याच्या आकड्यावरून पुढे गेला, शुद्ध सिमेंटच्या ठोकळ्याचा आकडाही ओलांडला, आणि मग कुठे ठोकळ्यानं मान टाकली. यित्स्केनं हार्मेनच्या गालाचा मुकाच घेतला. तीस वर्षांत त्याच्यावर असा प्रसंग आला नव्हता. तो चष्मा पुसत बसला.

नाव ओतायच्या दिवशी मात्र निराळीच पंचाईत झाली. इतकी बारीक पूड पाणी ओढून घेते. मिश्रण साच्यावर पसरेना. वोबेनं बागेची झारी उचलली.

"थोडंसंच घालतो."

"थेंब नाही. जास्तीचं पाणी पडलं की केलेल्या दळणाची माती."

"अगं, दगड झालाय याचा."

यित्स्केनं झारी हिसकावली आणि तिच्यावर बसली. चार तास ती उठली नाही. बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती आणि गटातले बाकीचे आठ जण तळहातांनी, चमच्यांनी, एक जण तर केक कापायच्या उलथन्यानं मिश्रण दाबत होते. शेवटी सगळे इतके हसत होते की कोण कशाला हसतंय ते कुणालाच कळेना. नावेची भिंत बोटाच्या निम्म्या जाडीची झाली.

जूनमध्ये गावाबाहेरच्या तळ्यावर शर्यत लागली. यित्स्के पुढे बसली. पाणी किती खोल आहे हे तिनं कुणालाही विचारलं नव्हतं, विचारणार कसं? तिच्या आणि पाण्याच्या मध्ये एवढीशी काच होती, आणि गंमत म्हणजे तिला भीती वाटत नव्हती. वल्ही पडत होती, वोबे मागून बेसूर गात होता, आणि तिला नुसतं हसू येत होतं. शेवटच्या वळणावर सीमेपलीकडून आलेली जर्मन नाव आडवी आली. दोन्ही नावा ठाणकन आदळल्या. जर्मन नावेचं नाक तुटलं आणि ती सावकाश खाली गेली. यित्स्केनं आपल्या नावेवरून हात फिरवला. ओरखडा होता. तडा नव्हता.

ते पहिले आले. धक्क्यावर पाय ठेवताच आठ जणांनी तिला खांद्यावर घेतलं, मग आडवी केली, मग तिचे हातपाय धरले आणि झोके द्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठे तिला आठवलं की जिंकणारे आपल्या माणसाला पाण्यात फेकतात. प्रत्येक शर्यतीत फेकतात. नाव टिकावी म्हणून तिनं चार महिने जीव काढला होता, आणि नाव टिकली तर पुढे काय, याचा एकदाही विचार केला नव्हता.

"सोडा, मला पोहता येत नाही," ती ओरडली. पण तोवर ती हवेत होती.

धक्क्यावरचं हसणं एकदम थांबलं. वोबेनं बुटांसकट उडी मारली. दोघं एकमेकांना धरून, ठसकत, पाणी थुंकत उभे राहिले. उभेच राहिले, पाणी छातीपर्यंत होतं.

वोबेनं तिचे खांदे सोडले नाहीत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वेडी आहेस का तू? पोहता येत नाही आणि त्या नावेत बसलीस?"

"नावेची खात्री होती मला," यित्स्के केसांतलं शेवाळ काढत म्हणाली. "तुमचीही खात्री धरली, तिथे चुकले."